नानांची आडत माझ्या मॅकवर : दसरा ते पाडवा

१२ ऑक्टोबर २०२४ ला, दसऱ्याच्या दिवशी, माझ्या वडिलांनी, नानांनी, दुकानातल्या कॉम्प्युटरला हळद-कुंकू लावलं, मॉनिटरवर झेंडूची माळ घातली, कीबोर्डवर आपट्याची दोन पानं ठेवली. सोमवारी, १४ तारखेला, तो गेला. धूर नाही, आवाज नाही. बटण दाबलं की पंखा एकदा गरगरायचा आणि थांबायचा. आमचे दिवाणजी जिभाऊ यांनी मागची वायर तीनदा काढून तीनदा लावली. नाना अहिराणीत एवढंच म्हणाले, "मन्हा हिशोब कोठे शे आते?"

अमळनेरला आमची भुसार मालाची छोटी आडत आहे. मका, मूग, उडीद, ज्वारी. वजन, हमाली, तोलाई, शेतकऱ्यानं घेतलेली उचल, तिच्यावरचं व्याज आणि शेवटी त्याच्या हातात द्यायची हिशेबपट्टी, हे सगळं ज्या सॉफ्टवेअरवर चालतं ते २००३ साली गावातल्याच एका सरांनी व्हिज्युअल बेसिक ६ मध्ये लिहून दिलं होतं. सर पुढे सुरतला गेले. सॉफ्टवेअर मात्र एकवीस वर्षं कुरकुर न करता चाललं. विप्रोची सुरुवात १९४५ साली याच गावात वनस्पती तेलाच्या कारखान्यातून झाली, हे अमळनेरचा माणूस दर दहा मिनिटांनी सांगतो, म्हणून मीही सांगून घेतलं. आमच्या कॉम्प्युटरला त्याचा काही उपयोग झाला नाही.

मी पुण्यात डिझाइनचं काम करते. दिवाळीपर्यंत घरूनच काम करायचं म्हणून लॅपटॉप घेऊन आले होते : मॅकबुक एअर, एम१ चिप, ८ जीबी मेमरी, २५६ जीबी डिस्क. घरात चालू स्थितीत असलेलं कॉम्प्युटर म्हणावं असं तेवढंच. लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला, म्हणजे वहीपूजनाआधी हातात अठरा दिवस. मी म्हटलं, "नाना, माझ्या मॅकवर चालवून बघते." हे वाक्य मी फार सहज बोलले.

मंगळवारी जुना डबा घेऊन दुरुस्तीवाल्याकडे गेले. मदरबोर्ड गेलाय, तसला आता मिळत नाही, हे सांगायचे त्याने ३०० रुपये घेतले. पण एक काम चांगलं केलं. हार्डडिस्क बाहेर काढली, साटा ते यूएसबी अशी केबल लावली आणि "ही चालू आहे" म्हणाला. केबलचे ३५० दिले आणि डिस्क पिशवीत घालून घरी आणली. विंडोजची एनटीएफएस डिस्क मॅक नुसती वाचतो, तिच्यावर लिहीत नाही. अशा वेळी ते बरंच असतं, चुकून काही पुसलं जात नाही. 'आडत' नावाचं अख्खं फोल्डर मॅकवर उतरवलं. आतली डेटाबेसची एमडीबी फाइल ८६ एमबी. एकवीस वर्षांचा धंदा एका पेनड्राइव्हच्या कोपऱ्यात मावतो हे बघून नाना जरा हिरमुसले. तुम्ही या वाटेने जाणार असाल तर एक करा : फक्त सॉफ्टवेअरचं फोल्डर उचलू नका, जुन्या विंडोजमधलं सिस्टिम३२ आणि फॉन्ट्स ही दोन्ही फोल्डरं पूर्ण कॉपी करून ठेवा. का, ते पुढे येईल.

१६ तारखेपासून खरी लढाई. मॅकवर विंडोजची एक्सई फाइल डबल क्लिक करून काही होत नाही, एवढं माहीत होतं. शोधल्यावर वाइन सापडलं. १९९३ पासून चालू असलेला मुक्त प्रकल्प. त्यात विंडोज बसवावं लागत नाही. प्रोग्रॅम विंडोजकडे जे जे मागतो ते वाइन मॅकच्या भाषेत करून देतं. फुकट, हलकं, परवान्याची भानगड नाही. मला हेच हवं होतं.

टर्मिनलमधून चालवलं तर पहिलीच ओळ : 'बॅड सीपीयू टाइप इन एक्झिक्युटेबल'. मला वाटलं चिपच खराब आहे. तसं काही नव्हतं. मी उतरवलेलं वाइन इंटेल चिपसाठी बनवलेलं होतं आणि माझा मॅक एम१. इंटेलचे प्रोग्रॅम एम मालिकेच्या मॅकवर चालवायला ॲपलचंच रोझेटा २ लागतं, ते माझ्याकडे बसवलेलं नव्हतं. बसवलं, पाच मिनिटं लागली. पुन्हा चालवलं तर मॅक म्हणाला, या ॲपची खात्री करता येत नाही, कचऱ्यात टाका. नेटवरचे सगळे व्हिडिओ सांगतात, कंट्रोल दाबून क्लिक करा आणि 'ओपन' निवडा. मी दहा वेळा केलं. सप्टेंबर २०२४ मध्ये आलेल्या मॅकच्या सिकोया आवृत्तीत ॲपलने तो आडमार्ग बंद केला आहे, हे कळायला माझी एक संध्याकाळ गेली. आता सिस्टिम सेटिंग्जमध्ये 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी' उघडून खाली जायचं, तिथे त्या ॲपचं नाव आलेलं असतं, तिथून 'ओपन एनीवे'. व्हिडिओ बघताना त्याची तारीख आणि त्यातल्या मॅकची आवृत्ती आधी बघा.

त्या रात्री साडेअकराला सॉफ्टवेअरची खिडकी एकदाची उघडली. मी नानांना हाक मारली. ते चष्मा लावून आले आणि बघत राहिले. शेतकऱ्यांच्या नावांच्या जागी डॉलर, टक्का, उभ्या रेघा, उलटे स्वल्पविराम. "हाई काय शे?" मीही दचकले होते, पण हे सर्वांत सोपं निघालं. त्या काळच्या मराठी फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी वळणं बसवलेली असत. फाइलमध्ये खरोखरच ते डॉलर-टक्केच साठवलेले असतात, फॉन्ट त्यांना 'पाटील' करून दाखवतो. जुन्या डिस्कवरच्या फॉन्ट्स फोल्डरमधून तो फॉन्ट आणून वाइनच्या फॉन्टच्या फोल्डरात टाकला आणि नावं परत आली.

मग 'रन-टाइम एरर ३३९'. म्हणजे सॉफ्टवेअरला लागणारी एमएसकॉमसीटीएल डॉट ओसीएक्स नावाची सुटी फाइल नाही किंवा तिची नोंद झालेली नाही. इथे मी सुरतला फोन लावला. सरांचा नंबर जिभाऊंकडे होता. सर आता साठीच्या पुढे. "तू नानांची धाकटी का?" इथून सुरुवात, आणि मग एका वाक्यात उत्तर : "अगं, त्या ओसीएक्स फाइली नेटवरून घेऊ नकोस, व्हायरस येतो. जुन्या डिस्कच्या सिस्टिम३२ मध्ये असतील." होत्या. पाच निघाल्या. डेटाबेसचा पासवर्डही त्यांना तोंडपाठ होता. एकवीस वर्षांपूर्वी ठेवलेला, त्यांच्या मुलीचं नाव. फोन सात मिनिटांत संपला. अशा एखाद्या सॉफ्टवेअरवर तुमचा धंदा चालत असेल तर लिहिणारा माणूस फोनवर भेटतोय तोवर पासवर्ड विचारून वहीत लिहून ठेवा.

ओसीएक्सची नोंद झाली. पुढचा एरर ३७०६, 'प्रोव्हायडर कॅनॉट बी फाउंड'. आणि इथे गाडी रुतली. सरांचं सॉफ्टवेअर डेटाबेस उघडायला मायक्रोसॉफ्टच्या जेट इंजिनवर विसंबून आहे. जेट वाइनमध्ये मुळात येत नाही, ते बाहेरून बसवावं लागतं, आणि ते जुनं ३२-बिटचं. मॅकने तर २०१९ च्या कॅटलिनापासून ३२-बिट प्रोग्रॅम चालवणंच बंद केलं आहे, त्यामुळे वाइनला तिथे वळसा घालून जावं लागतं. मी दोन रात्री या वळशात घालवल्या. एकदा बसल्यासारखं वाटलं, पण पट्टी उघडली की सॉफ्टवेअर काही न बोलता बंद. १८ तारखेला रात्री दोन वाजता मी लॅपटॉप मिटला. साधी वही-पेन्सिलसारखी सॉफ्टवेअर, जुने गेम वाइनवर छान चालतात. डेटाबेस, प्रिंटर, डोंगल (परवान्याची यूएसबी किल्ली) असलेलं धंद्याचं काही असेल तर दोन दिवसांच्या वर त्याच्या मागे लागू नका. मी लागले कारण मी हट्टी आहे.

या तीन दिवसांत एक गोष्ट मात्र चांगली झाली. माझी चिडचिड बघून नाना म्हणाले, "तू लिहून ठेवत नाहीस, म्हणून तुला तेच तेच पुन्हा होतं." त्यांनी गल्ल्यातून एक नवी लाल वही काढून दिली. मी तिच्यात खतावणीसारखी पानं पाडली. डाव्या बाजूला तारीख आणि एररचं पूर्ण वाक्य, नंबरासकट. उजव्या बाजूला मी काय केलं आणि त्यानं काय झालं. नुसतं 'एरर आला' असं लिहायचं नाही, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आधी मी एका दमात तीन-चार उपाय करायचे, आणि चाललं तर कशानं चाललं ते कळायचं नाही. आज हे सगळं तारखांसकट लिहिता येतंय ते त्या वहीमुळे.

१९ तारखेला, शनिवारी, दुसरी वाट धरली : मॅकच्या आत अख्खं विंडोजच बसवायचं. इंटेलच्या जुन्या मॅकवर बूट कॅम्पने विंडोज वेगळं चालवता यायचं. एम मालिकेच्या मॅकवर बूट कॅम्प नाही. तिथे विंडोज ११ ची एआरएम (एम मालिकेसारख्या चिपसाठीची) आवृत्तीच चालते, तीही आभासी मशीनमध्ये, म्हणजे मॅकच्या आत चालणाऱ्या जणू दुसऱ्या कॉम्प्युटरमध्ये. असं मशीन तयार करणाऱ्या पॅरेलल्स डेस्कटॉप या ॲपमध्ये ती चालवायला मायक्रोसॉफ्टने फेब्रुवारी २०२३ मध्ये अधिकृत मान्यता दिली आहे, म्हणून मी तेच घेतलं. १४ दिवस फुकट वापरता येतं. वहीत हिशेब मांडला : १९ ऑक्टोबर ते २ नोव्हेंबर. बरोबर पाडव्याला मुदत संपणार.

मला सगळ्यात जास्त शंका होती ती एआरएमची. सरांचं सॉफ्टवेअर इंटेलच्या ३२-बिट चिपसाठी लिहिलेलं, आणि हे विंडोज दुसऱ्याच चिपचं. पण विंडोज ११ एआरएम जुने इंटेलचे ३२-बिट आणि ६४-बिट प्रोग्रॅम आपणहून भाषांतर करून चालवतं. जे चालत नाही ते ड्रायव्हर, म्हणजे जोडलेलं यंत्र चालवणारे छोटे प्रोग्रॅम. डोंगल, जुना स्कॅनर, काही प्रिंटर यांचे इंटेलसाठी लिहिलेले ड्रायव्हर तिथे बसतच नाहीत, त्यांना एआरएमचेच लागतात. तुमच्या सॉफ्टवेअरला यूएसबीचा डोंगल असेल तर पैसे भरण्याआधी त्याच्या ड्रायव्हरची चौकशी करा. आमच्याकडे डोंगल नव्हता. सरांनी विश्वासावर दिलं होतं.

विंडोज उतरवायला पाच-सहा जीबी लागतात. पहिल्यांदा निम्मं उतरलं आणि लाइट गेली, वायफाय बंद. दुसऱ्यांदा मोबाइलच्या हॉटस्पॉटवर घेतलं तर माझा आणि जिभाऊंचा दिवसाचा डेटा संपला. बसवून झाल्यावर मॅकच्या डिस्कवरचे तीसेक जीबी गेले होते. ८ जीबीपैकी ४ जीबी मेमरी विंडोजला द्यावी लागली (विंडोज ११ ची किमान गरज तेवढीच आहे), त्यामुळे विंडोज चालू असताना माझं डिझाइनचं काम जवळपास ठप्प व्हायचं. दिवसा आडत, रात्री माझं काम, अशी पाळी लावली.

रविवारी सकाळी सॉफ्टवेअर विंडोजमध्ये टाकलं. एरर ७६, 'पाथ नॉट फाउंड'. सरांनी कोडमध्ये सी ड्राइव्हवरच्या 'आडत' फोल्डरचा पत्ता कायमचा लिहून ठेवला होता, आणि मी ते मॅकच्या सामायिक फोल्डरमधूनच चालवत होते. सी ड्राइव्हच्या मुळाशी फोल्डर ठेवल्यावर पुढे सरकलं. तसंही असा डेटाबेस मॅकच्या सामायिक फोल्डरात ठेवू नये, त्याच्या शेजारी एक कुलुपाची फाइल तयार व्हावी लागते आणि ती तिथे नीट होईलच असं नाही. 'प्रोग्रॅम फाइल्स' मध्येही ठेवू नये. तिथे जुन्या सॉफ्टवेअरला लिहायची परवानगी नसते, म्हणून विंडोज गुपचूप दुसऱ्या ठिकाणी एक प्रत काढून तिच्यात लिहीत बसतं. मग एका धंद्याच्या दोन वह्या होतात.

पुन्हा ३३९ आला. आता हा ओळखीचा होता. ओसीएक्स फाइल सिस्टिम३२ मध्ये टाकली, नोंद करायला गेले, होईना. वहीत वाक्य लिहिताना लक्षात आलं की विंडोजची नावं उलटी आहेत. ६४-बिट विंडोजमध्ये 'सिस्टिम३२' या फोल्डरात ६४-बिट फाइली असतात, आणि ३२-बिट फाइलींचं घर 'सिसवाऊ६४'. हे ज्यानं ठरवलं त्याला एकदा आमच्या मार्केट यार्डात दिवसभर काट्यावर उभं करायला हवं. फाइली सिसवाऊ६४ मध्ये टाकल्या, कमांड प्रॉम्प्ट 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' करून उघडला, त्याच फोल्डरातल्या रेगएसव्हीआर३२ ने पाचही फाइलींची एकेक करून नोंद केली. ॲडमिनिस्ट्रेटर नसाल तर नोंद होत नाही आणि जो एरर येतो त्यात परवानगीचा शब्दही नसतो, नुसता एक लांबलचक आकडा. जेटची मात्र काहीच कटकट झाली नाही, ते विंडोजबरोबरच येतं. फॉन्ट बसवला. दुपारी साडेबाराला लॉगिन, पासवर्ड, आणि समोर नानांच्या ओळखीचा तो हिरवा पडदा. आईने साखर आणून सगळ्यांच्या हातावर ठेवली.

नाना खुर्चीवर बसले, नवी पट्टी करायला इन्सर्ट दाबायला गेले आणि बोट हवेतच राहिलं. मॅकच्या कीबोर्डवर इन्सर्ट नाही. सेव्ह करायला एफ२ दाबलं तर पडद्याचा उजेड वाढला. आकड्यांचा वेगळा पट्टाही नाही, आणि नानांचा उजवा हात गेली वीस वर्षं न बघता तिथेच चालतो. बाजारातून ४०० रुपयांचा साधा वायरचा कीबोर्ड आणला. मॅकबुकला यूएसबी-सीचीच भोकं असल्यानं ९०० चा हब. कीबोर्ड नवा घ्यायचा नसेल तर मॅकच्या कीबोर्ड सेटिंगमध्ये एफच्या किल्ल्या साध्या किल्ल्यांसारख्या वापरायची खूण करता येते, पण इन्सर्टला तो इलाज नाही.

मग प्रिंटर. आमचा डॉट मॅट्रिक्स जुना, पॅरलल पोर्टचा, काटापट्टी कार्बन लावून तीन प्रतींत निघते म्हणून तो सुटत नाही. सॉफ्टवेअर प्रिंट थेट 'एलपीटी१' ला, म्हणजे त्याच पोर्टला पाठवतं आणि मॅकला तसलं पोर्ट सात जन्मांत नव्हतं. एरर ६८, 'डिव्हाइस अनअव्हेलेबल'. यूएसबी ते पॅरलल केबल अमळनेरात मिळाली नाही. मंगळवारी जळगावला गेले, गोलाणी मार्केटमध्ये चौथ्या दुकानात मिळाली, ४५० रुपये. जाण्यायेण्यात आणि भरीत-पुरीत अर्धा दिवस गेला, भरिताची तक्रार नाही.

केबल लावली की पॅरेलल्स विचारतं, हे मॅकला जोडू की विंडोजला? विंडोजला म्हणा. पुढचं मी वहीतून जसंच्या तसं उतरवते. विंडोजमध्ये प्रिंटर हाताने वाढवायचा, पोर्ट 'यूएसबी००१', ड्रायव्हर 'जेनेरिक / टेक्स्ट ओन्ली' (हा विंडोजचा स्वतःचा, त्यामुळे एआरएमचा प्रश्न येत नाही). त्या प्रिंटरला शेअर करायचं, छोटं नाव द्यायचं, मी 'काटा' अशा अर्थाचं चार अक्षरी इंग्रजी नाव दिलं. मग कमांड प्रॉम्प्टमध्ये 'नेट यूज' ही आज्ञा वापरून एलपीटी१ ला त्या शेअर केलेल्या प्रिंटरशी बांधायचं, आणि शेवटी 'पर्सिस्टंट यस' जोडायचं, नाहीतर मशीन बंद-चालू केल्यावर गाठ सुटते. ही आज्ञा साध्या खिडकीतून द्यायची, ॲडमिनिस्ट्रेटरच्या नाही, कारण बांधणी ज्या खिडकीतून केली तिच्याच वापरकर्त्याला दिसते. यात माझा एक तास गेला. काटापट्टी इंग्रजी अक्षरांत असते, म्हणून हे जमलं. मराठी खतावणी ग्राफिक म्हणून छापावी लागते, ती मी पीडीएफ करून घरच्या इंकजेटवर काढते.

रात्री नऊला डॉट मॅट्रिक्स कर्रर करून चालला तेव्हा शेजारच्या काकू विचारायला आल्या, लाइट आली का म्हणून.

मला वाटलं संपलं. बुधवारी, २३ तारखेला, नाना व्याजाचा कागद घेऊन बसले होते. लाल पेन्सिलीने एका ओळीवर गोल केला आणि हाक मारली. एका शेतकऱ्याने दसऱ्याला उचल घेतली होती, ५००० रुपये. कागदावर तिची तारीख होती १० डिसेंबर २०२४.

"आजून दिवाई बी उनी नही, आन् हाऊ डिसेंबर कोठून उना?"

१२/१०. बारा ऑक्टोबर. विंडोज बसवताना मी देश-भाषेच्या पडद्यावर न वाचता पुढे पुढे केलं होतं, आणि ते अमेरिकेवर राहिलं होतं. अमेरिकन पद्धतीत आधी महिना, मग दिवस. म्हणून १२/१० म्हणजे डिसेंबरची १०. ३/१० म्हणजे मार्चची १०. आणि १५/१०? पंधरावा महिना नसतो, मग व्हिज्युअल बेसिक तिथे तक्रार न करता आकडे आपणच उलटे करून घेतं आणि १५ ऑक्टोबर बरोबर दाखवतं. म्हणजे महिन्यातल्या १२ तारखेपर्यंतच्या नोंदी फिरलेल्या, १३ पासूनच्या ठीक. मी तपासणीला म्हणून आदल्या तीन दिवसांच्याच पट्ट्या उघडल्या होत्या, २०, २१, २२. सगळ्या बरोबर. एकही एरर नाही, एकही खिडकी नाही. ३३९ आणि ६८ निदान तोंडावर सांगत होते.

मार्चमध्ये गेलेल्या उचलीवर सात महिन्यांचं व्याज लागलं होतं. माझ्या पोटात गोळा आला. त्या तीन दिवसांत पट्टी घेऊन गेलेले शेतकरी किती, त्यांत जुनी उचल असलेले किती, हे शोधायचं होतं. इथे जिभाऊ कामाला आले. त्यांनी कॉम्प्युटर आल्यापासून त्याच्यावर कधी विश्वास ठेवलेला नाही, रोजची कच्ची वही ते अजून हाताने लिहितात. वही आणि पडदा शेजारी ठेवून आम्ही रात्री एकपर्यंत टिपणं लावली. पट्ट्या २७. व्याज चुकलेल्या ४. दोघांना मिळून १३८५ रुपये कमी गेले होते, दोघांना थोडे जास्त. कमी गेलेल्यांच्या घरी नाना दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतः पैसे घेऊन गेले. एक पातोंड्याचे होते. जास्त गेलेल्यांना त्यांनी काही सांगितलं नाही, मलाही सांगू दिलं नाही.

दुरुस्ती दोन मिनिटांची : कंट्रोल पॅनेल, 'रीजन', फॉरमॅट 'इंग्लिश (इंडिया)', आणि छोट्या तारखेचा नमुना दिवस-महिना-वर्ष असल्याची खात्री. सॉफ्टवेअर बंद करून पुन्हा उघडलं की तारखा जागेवर. साठवलेला डेटा फिरला नव्हता, कारण सरांनी तारखा मजकूर म्हणून ठेवल्या होत्या. फक्त दोन जुन्या नोंदी नानांनी उघडून सेव्ह केल्या होत्या, त्या हाताने सुधारल्या. सरांना फोन केला तर ते म्हणाले, "तारीख मजकुरात ठेवायची नसते ग. तेव्हा एवढी अक्कल नव्हती." तुम्ही जुनं हिशेबाचं काहीही नव्या मशीनवर नेत असाल तर तपासायला १ ते १२ तारखेमधली नोंद निवडा. माझ्यासारखी २० तारखेची नको.

लक्ष्मीपूजनापर्यंत बाकी विशेष काही झालं नाही. रोज संध्याकाळी एमडीबी फाइलची एक प्रत मॅकवर आणि एक पेनड्राइव्हवर, फाइलच्या नावात तारीख. २ नोव्हेंबरला, मुदत संपायच्या दिवशी, पॅरेलल्सची वर्षाची वर्गणी भरली. विंडोजचा परवाना वेगळा घ्यावा लागतो. दर सवलतीप्रमाणे बदलतात, त्या दिवशीचे बघा, आणि चार-पाचशे रुपयांत विंडोजची किल्ली विकणाऱ्यांच्या नादी लागू नका. हे लिहिण्याआधी एक भर : ११ नोव्हेंबर २०२४ पासून व्हीएमवेअर फ्यूजन (पॅरेलल्ससारखंच दुसरं ॲप) धंद्याच्या वापरालाही मोफत झालं आहे. मला नऊ दिवस उशिरा कळलं असं म्हणायचं. पण ऐन हंगामात चालत्या बैलगाडीचं चाक कोण बदलणार?

पॅरेलल्स आणि विंडोजचा खर्च सोडून माझे सुटे २४०० रुपये गेले, आणि रजा न टाकता गेलेल्या नऊ रात्री. घरात मॅक नसेल तर यासाठी घेऊ नका, त्याच्या निम्म्याहून कमी पैशात जुना विंडोज कॉम्प्युटर मिळतो. आम्हीही एक बघणार आहोत, कारण मला पुण्याला परत जायचंय.

वहीपूजनाच्या रात्री नाना कुंकवाची वाटी घेऊन मॅकबुककडे वळले आणि मी ओरडलेच. शेवटी चार्जरच्या पांढऱ्या ठोकळ्यावर एक बोट टेकवायचं ठरलं. ते अजून तिथेच आहे, पुसलं जात नाही.

एक गोष्ट राहिलीय. प्रिंटर दर पट्टीनंतर एक ओळ जास्त पुढे सरकतो, त्यामुळे बाराव्या पट्टीला 'एकूण' बरोबर घडीवर येतं. मी लाल वहीत लिहून ठेवलंय, उजवी बाजू कोरी आहे. जिभाऊ दर दहा पट्ट्यांनी कागद हाताने मागे ओढतात.